भिंतीकडचं मशीन

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की परतूरहून आष्टीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी एकाएकी म्हाताऱ्या होतात. कापसाचे टेम्पो ताडपत्री फुगवून जातात, कडेचा कापूस काट्यांत अडकतो आणि बघता बघता सगळ्या बाभळींचे केस पांढरे. मी जालन्यात मस्तगडाला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते आणि जमेल तेव्हा सासरी आष्टीला जाते. बसच्या खिडकीतून पहिली पांढरी बाभूळ दिसली, की माझ्या नाकात गरम चामड्याचा वास शिरतो. बसमध्ये चामडं नसतं. तरी मी हुंगत राहते, आणि शेजारची बाई स्वतःच्या चपलेकडे संशयानं बघून पाय सीटखाली ओढून घेते.

तो वास जिनिंगचा. आमच्याकडे कारखाना वगैरे कुणी म्हणत नाही, नुसतं जिनिंग. कापूस आत जातो, एका बाजूनं रुई निघते, दुसऱ्या बाजूला सरकी गळते. एवढंच काम. पण हा ‘एवढंच’ शब्द मी फार जपून वापरते, कारण त्या एवढ्याशा कामात मी एक अख्खा हंगाम नापास झालेली बाई आहे.

दरवर्षी हा वास मला खूश करायचा. यंदा नाही. यंदा त्याच्या मागोमाग असा संताप येतो, की कंडक्टरनं ‘कुठं जायचं?’ विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसते. कारण सांगते. पण आधी तो हंगाम सांगू द्या, नाहीतर माझा संताप तुम्हाला एका मिशीवरचा संताप वाटेल. तसा तो मिशीवरचाही आहे म्हणा.

माझं नवीन लग्न झालं होतं. डी.एड. झालं होतं. नोकरीची ऑर्डर निघाली होती, पण ती टेबलांवरून टेबलांवर फिरत होती. मी घरात बसून नेलपॉलिश लावायची आणि पोस्टमनची वाट बघायची. आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं नाव गयाबाई. त्या हंगामभर जिनिंगला जायच्या. एक दिवस डबा बांधता बांधता त्यांनी माझ्या नखांकडे बघितलं.

“ऑर्डर यील तवा यील. तवर हाताला काय कुलूप लावून ठिवतीस का?”

“आत्या, मी शिकलेली आहे.”

“मंग बरंच हाय की. मशीनला वाचून दाखव.”

तर अशी मी, नखं रंगवून, जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाखल झाले. आत पाऊल टाकलं आणि माझा आवाज गेला. म्हणजे गळा शाबूत होता, पण ऐकू यायचा बंद झाला. जमिनीखालून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरायचा, त्यावरून पट्टे वर यायचे आणि एका रांगेतली सगळी मशिनं एकदम धडधडायची. प्रत्येक मशीनमध्ये चामड्याचा एक रूळ. त्याला टेकून एक पातं स्थिर आणि दुसरं वरखाली नाचणारं. रूळ कापसाचे धागे ओढून घ्यायचा, सरकी पात्यापाशी अडायची, नाचणारं पातं तिला थापट्या मारून खाली पाडायचं. आणि प्रत्येक मशीनसमोर एक बाई. पायाखाली लाकडी फळी, पुढ्यात मशीनची लाकडी कड, बाजूला छातीएवढा कापसाचा ढीग.

माझ्यासारख्या बोलक्या बाईला बोलायची बंदी म्हणजे उपासमार. पण दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की शेडमध्ये कुणीच गप्प नाही. सगळ्या बायका भांडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या सुनांची अब्रू काढत होत्या, आणि हे सगळं ओठांनी आणि बोटांनी. पोटावर तळवा म्हणजे भाकरीची वेळ झाली. कान पिळला म्हणजे मिस्त्रीला बोलवा, मशीन बिघडलंय. आणि आडवं बोट नाकाखालून डावीकडून उजवीकडे फिरवलं, म्हणजे मिशी. मिशी म्हणजे मुकादम. ती खूण पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत वाऱ्यासारखी जायची. मुकादम दारात पाऊल टाकायच्या आत सगळ्या शेडला कळलेलं असायचं. त्या खुणेत दोन गोष्टी एकत्र असायच्या: मुकादम आलाय, आणि हात चालू ठेवा.

मुकादमाची मिशी खरंच तशी होती. तो बिचारा आयुष्यभर समजत राहिला, की त्याला बघून बायकांची नाकं खाजतात.

मला आत्यांच्या शेजारचं मशीन मिळालं होतं. पहिल्याच दिवशी मी कापसाचा मोठा बोजा उचलला आणि दिला लोटून. रूळ गुदमरला, चामडं जळायचा वास सुटला, पट्टा फडफडला. आत्या आपलं मशीन सोडून आल्या, रुळापासचा गुंता सोडवला आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून प्रत्येक अक्षर वेगळं करून ओठांनी बोलल्या, “टाकू नको. चार. गाईला पेंडी फेकून मारतीस का?”

चारणं. हा शब्द मी तिथं शिकले. मशीनला कापूस टाकत नाहीत, चारतात. त्या पसाभर कापूस उचलायच्या, मनगटाच्या एका झटक्यानं तो सैल करायच्या आणि रुळाच्या लांबीभर असा पसरायच्या, की कुठं ढीग नाही, कुठं उघडं चामडं नाही. जास्त झालं तर रूळ गुदमरतो. कमी झालं तर पातं कोऱ्या चामड्यावर घासतं आणि ते लवकर गुळगुळीत होतं. त्या पसरण्यातच बोटं कापसात काय काय शोधून बाजूला काढत असायची: काडी, पाचोळा, खडा, किडक्या बोंडाची कवडी, एकदा तर कुणाच्या तरी परकराचा नाडा. हे सगळं न बघता. बघत त्या माझ्याकडे असायच्या, कारण मी दर थोड्या वेळानं काहीतरी तुंबवायची.

“आत्या, तुम्हाला कसं कळतं मशीन बिघडायला लागलंय ते? इथं तर काही ऐकू येत नाही,” मी एकदा भाकरीच्या सुट्टीत विचारलं.

“कानानं कोन ऐकतंय? पायानं ऐकायचं.” त्यांनी चप्पल काढून तळवा जमिनीवर ठेवून दाखवला. “फळी सांगती. गुमान ऱ्हा आन तळव्यानं ऐक.”

मी बरेच दिवस अनवाणी उभी राहिले. फळीनं मला काहीही सांगितलं नाही. तळव्याला फक्त मुंग्या आल्या.

माझं चारणं शेवटपर्यंत सुधारलं नाही. पण मी निरुपयोगी होते असं नाही. माझ्या मशीनचा गुंता झाला आणि नेमकी मिशीची खूण आली, की मी दाराकडे जायची आणि मुकादमाला गाठायची. त्याला हातवारे करत शेडबाहेर न्यायची आणि सुरू करायची: “दादा, तुमच्या गावच्या यात्रेत यंदा म्हणे तमाशावाल्यांचं आणि सरपंचाचं वाजलं?” तो सांगेना म्हणून मीच सांगायची, मनानं रचून. त्यात बैल उधळायचे, सरपंचाचं धोतर सुटायचं. मुकादम पोट धरून हसायचा, आणि तेवढ्यात आत आत्या माझं मशीन मोकळं करून घ्यायच्या. शेजारच्या सखूबाई मला म्हणायच्या, “तुही जीभ पट्ट्यावर चढवली आस्ती, तर निम्मं जिनिंग चाललं आस्तं.”

हा माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान आहे. त्यानंतर शाळेत मिळालेली सगळी प्रमाणपत्रं मी माळ्यावर ठेवली आहेत.

आता आत्यांच्या मशीनचं सांगते. ते रांगेतलं शेवटचं, भिंतीला लागून. भिंतीकडचं मशीन म्हणजे उरलेलं मशीन. तिथं वारा नाही, उजेड नाही, आणि सगळ्या शेडमधली धूळ शेवटी तिथंच येऊन बसायची. ते कुठल्या वस्तीतल्या बाईला द्यायचं, यावर मुकादमाला कधी डोकं खाजवावं लागलं नाही. आमच्या विहाराकडच्या गल्लीतूनच कुणीतरी तिथं उभी राहायची. त्यात भिंत उजव्या हाताला. उजव्या हातानं चारणाऱ्या बाईचं कोपर दर पशाला भिंतीवर आपटायचं. दोन-चार दिवसांत बाई कोपर सुजवून घरी बसायची.

पण आत्या डावखुऱ्या. या डाव्या हातापायी त्यांनी काय काय ऐकलं होतं. माहेरी डाव्या हातानं वाढलं म्हणून ताट परत केलेलं, सासरी डाव्या हातानं पीठ मळलं म्हणून त्यांच्या सासूनं भाकरी मोडून टाकलेली. घरात त्या हातानं कायम पदराखाली लपायचं. जिनिंगमध्ये मात्र भिंत उजवीकडे, ढीग डावीकडे, आणि डाव्या हाताला सगळं रान मोकळं. ज्या मशीनवर कुणी टिकत नव्हतं, त्यावर आत्या अशा उभ्या राहिल्या, जशी काही ती भिंत त्यांच्यासाठीच बांधली होती.

“मुकादमाला वाटलं, मला शिक्षा केली,” त्या सांगायच्या. सांगताना इतक्या फुशारायच्या, की मला त्यांच्या पदराला हवा भरल्यासारखी दिसायची. “आरं बाबा, म्हनलं, जन्मात पहिल्यांदा बराबर जागी उभी केलीस.”

माझा हंगाम होळीच्या सुमाराला संपला. ऑर्डर आली, नखं पुन्हा रंगली. आत्या मात्र पुढं कितीतरी वर्षं जात राहिल्या. शेवटच्या हंगामात एकदा मी डबा द्यायला गेले होते. मशिनं बंद होती, भाकरीची सुट्टी होती. मी रांगेवरून चालत गेले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. प्रत्येक मशीनच्या लाकडी कडेला एक खळगा पडला होता. हात दर पशाला त्या कडेवरून घसरत जातो, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि लाकूड हळूहळू झिजतं. सखूबाईंचा खळगा आखूड, कारण त्या बुटक्या. कुणाचा पसरट, कुणाचा खोल. सगळे कडेच्या उजव्या बाजूला. आणि अगदी शेवटी, भिंतीकडच्या मशीनवर, एकच खळगा डाव्या बाजूला. गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. मी त्यात माझा डावा हात ठेवून बघितला. बसला नाही. आत्यांचा हात लांब आहे.

मशीनवर वरच्या बाजूला बनवणाऱ्या कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत होतं, उठावदार. मला तेव्हा वाटलं, ज्यानं बनवलं त्याचं नाव लोखंडातून वर आलंय, आणि जिनं चालवलं तिचं नाव लाकडात खाली गेलंय. दोन्ही वाचता येतात. फक्त एक डोळ्यानं आणि एक हातानं.

पुढं जिनिंग बंद पडलं. हवेनं कापूस ओढून घेणारी नवी मशिनं दुसरीकडे आली, जुन्या मालकांचं वय झालं. जुनी मशिनं भंगारात गेली, ट्रकात भरून जालन्याच्या भट्ट्यांकडे. तिथं त्यांच्या सळया झाल्या. आम्ही घरावर स्लॅब टाकला तेव्हा आत्या सळयांच्या भाऱ्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग एका सळईला बोटानं टिचकी मारून म्हणाल्या, “ही सखूबाई आसंल. बघ, वाकडीच हाय.”

भिंतीकडचं मशीन तेवढं राहिलं. त्याचे बोल्ट गंजून इतके धरले होते, की भंगारवाल्यानं नाद सोडला. वर्षानुवर्षं ते पडक्या शेडमध्ये, कबुतरांच्या ताब्यात उभं होतं.

आता या वर्षाकडे येते. म्हणजे संतापाकडे.

जिनिंगच्या जागेवर आता लॉन्स झालं आहे. लग्नाचं. मालकाचा मुलगा विशालशेठ, वागायला अतिशय गोड, ‘मॅडम मॅडम’ म्हणत पाण्याची बाटली पुढं करणारा. त्यानं ते मशीन क्रेननं उचलून प्रवेशद्वाराशी आणून ठेवलं, वर छत्री बांधली, दिवे लावले आणि ‘आपला वारसा’ अशी पाटी लावली. ही बातमी कळली तेव्हा मी खूश झाले होते, हे कबूल करायला हवं. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न तिथंच ठरलं, आणि लग्नाच्या दिवशी तर आत्यांनी नवी साडी नेसून मला बजावलं, “आदी मपलं मशीन बघू. मंग नवरा-नवरी.”

आम्ही फाटकातून आत शिरलो. मशीनला सोनेरी रंग दिलेला. ओतीव अक्षरं लाल. आणि मशीनसमोर उभा, फायबरचा, धडधाकट, फेटेवाला, पीळदार मिशीवाला पुरुष! एक हात कमरेवर, दुसरा, अर्थातच उजवा, मशीनवर. वऱ्हाडी रांगेनं त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढत होते.

आत्यांनी त्याला फेट्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “ह्यो कोन बाप्या?”

“पुतळा आहे, आत्या.”

“त्ये दिसतंय. मपल्या मशीनवर काऊन हाय?”

त्या शेडमध्ये बोजे वाहायला पुरुष होते, मिस्त्री पुरुष, मुकादम पुरुष. पण मशीनसमोर उभं राहून चारणारा एकही पुरुष मी कधी पाहिला नाही. आणि कमरेवर हात? कमरेवर हात ठेवायला वेळ कुणाला होता? मुकादमाला होता.

आत्या पुतळ्याला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. हात पुढं केला, कडेवर ठेवला, आणि चाचपडायला लागल्या. एकदा, परत एकदा. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घरातलं माणूस ओळखीचं दार उघडायला जावं आणि तिथं भिंत लागावी, तसा.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “खळगा न्हाई.”

मी हात लावला. पुट्टी. खळगा पुट्टीनं भरून, घासून, सपाट करून त्यावर सोनेरी हात फिरवला होता. वरची ओतीव अक्षरं रंगवून ठळक केली आणि खालचं अक्षर बुजवून टाकलं.

विशालशेठ धावत आला. बाटली घेऊन. “आजी, कसं वाटलं? सगळं खरवडून नवं केलंय. कडेच्या खालच्या अंगाला तर इतका पांढरा थर होता, पेंटर म्हणाला कबुतरांची घाण असंल.”

“चुना व्हता त्यो,” आत्या म्हणाल्या. “तंबाकूचा. मपला. बोट पुसायची मी तितं.”

त्याला ते कळलं नाही. कळल्यासारखं तोंड करून तो हसला. मी त्याला तिथंच, डीजे धाडधाड वाजत असताना, सगळं समजावलं. ही माझी सासू, हे हिचं मशीन. इथं बाया काम करायच्या. ही डावखुरी, म्हणून खळगा डावीकडे. तो खळगा म्हणजे बिघाड नाही, ती खूण आहे, तो मोकळा करा. विशालशेठ कानाशी हात नेत ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होता. त्या गोंगाटात आमच्यातल्या एकट्या आत्याच निवांत होत्या. जिनिंगनं त्यांचे कान नेले, त्यांना ओठ दिले. सगळं लग्न ओरडून ओरडून घसा बसवत होतं आणि आत्या मांडवाच्या या टोकाला बसून त्या टोकाची भांडणं वाचून मला सांगत होत्या. पण त्या दिवशी त्यात रंग नव्हता. जेवताना त्यांनी डावा हात पदराखाली घेतला. मी तो बऱ्याच वर्षांनी तिथं गेलेला पाहिला.

त्यानंतर मी जे केलं, त्याला पाठपुरावा म्हणतात. म्हणजे एका माणसानं फोन करत राहायचं आणि दुसऱ्यानं ‘होऊन जाईल’ म्हणत राहायचं. लग्नसराई आहे, मॅडम. पेंटर गावाला गेलाय, मॅडम. मी घरी चिडचिड करायची, भाजीत मीठ दोनदा पडायचं. आमचे हे म्हणाले, “जाऊ दे ना. मशीन ठेवलं हेच खूप झालं.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की पाटीवर तेच लिहावं असं वाटायला लागलं. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी तर विचारलं, “पण बाई, त्या खड्ड्यानं फरक काय पडतो?”

फरक एवढाच पडतो, की त्या खड्ड्यावरून एका बाईची उंची कळते, हाताची लांबी कळते, कुठला हात तो कळतं, आणि भिंत कुणीकडे होती तेही कळतं. भिंत पाडली, शेड पाडलं, बाया म्हाताऱ्या झाल्या. कोण कुठं उभं होतं हे सांगणारी तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती एका भल्या माणसानं, केवळ बरं दिसावं म्हणून, लिंपून टाकली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. पाण्याची बाटली देणाऱ्याशी कसं भांडायचं?

आत्या मात्र विचारत राहिल्या. त्यांना पाटी नको होती, पुतळाही नको होता. “मपला खळगा मोकळा केला का त्यानं?” दर फोनवर पहिला प्रश्न हाच. फोनवर त्यांना माझे ओठ दिसत नाहीत, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावते आणि मान हलवते. नाही.

मग परवा विशालशेठचाच फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. “मॅडम, तुमची सूचना अमलात आणली! आजींना घेऊन या. बिलकुल खूश होतील.”

मी बसमध्ये बसले. बाभळी पांढऱ्या होत्या, नाकात वास होता. आष्टीला आत्यांना घेतलं. त्यांनी लग्नाला नेसलेली तीच साडी काढली. रिक्षात त्या सारख्या डाव्या हाताची बोटं उघडझाक करत होत्या. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

लॉन्सवर त्या दिवशी काही कार्य नव्हतं. छत्रीखालचे दिवे आमच्यासाठी म्हणून भरदुपारी लावलेले. विशालशेठ हात जोडून उभा. आणि मशीनसमोर तोच पुतळा, तेच रुंद खांदे, कमरेवर तोच हात. फक्त मिशी घासून काढलेली, फेट्याच्या जागी अंबाडा, अंगावर हिरवी नऊवारी, मनगटात बांगड्या, ओठांना लाल रंग. मिशी होती तिथं ओठावर जरा फिकट पट्टा राहिला होता. उजवा हात मशीनवर. मशीनला सोनेरी रंगाचा नवा हात. कड सपाट, चकचकीत.

“बघा आजी,” विशालशेठ म्हणाला, “बाई केली! तुमचाच पुतळा समजा.”

मी तोंड उघडलं. माझ्यापाशी त्या वेळी इतकं काही साठलं होतं, की मुकादमाच्या सरपंचाचं धोतर काहीच नाही. पण शब्द निघायच्या आधी मी आत्यांकडे बघितलं.

त्यांनी आपलं आडवं बोट वर नेलं आणि नाकाखालून, डावीकडून उजवीकडे, हळूच फिरवलं.

मिशी. मुकादम आलाय.

साडी नेसून आला होता, एवढंच.

विशालशेठला वाटलं, म्हातारीचं नाक खाजतंय. मला मात्र त्या खुणेचा दुसरा अर्धा भाग आठवला, कारण आत्यांचा डावा हात तोवर पदराबाहेर आला होता. उजव्या हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी सोडवली, मशीनच्या डाव्या बाजूला गेल्या आणि कडेवर टेकल्या, थकलेल्या म्हातारीनं टेकावं तशा. पिनेचं टोक सोनेरी रंगात शिरलेलं मी पाहिलं.

मग मला माझं काम कळलं. मी विशालशेठचं कोपर धरलं, त्याला पाठमोरा केला, पाण्याची बाटली त्याच्या हातून घेतली आणि सुरू केलं, “दादा, तुम्हाला माहितीये का, याच जागेवर एक मुकादम होता. एकदा त्याच्या गावच्या यात्रेत तमाशावाल्यांचं आणि सरपंचाचं असं वाजलं…”

बैल उधळले. सरपंच पळाला. विशालशेठ हसायला लागला, चांगला मोठ्यानं, आणि मी आवाज आणखी चढवला, कारण माझ्या मागे पुट्टीचा पहिला खपला निघाल्याचा आवाज आला होता, आणि मला धोतरापर्यंत अजून बरंच पोचायचं होतं.